जालिंदरच्या गळ्यातला हार

आष्टी, ४ मार्च २०१३

उत्तऱ्या,

जालिंदर जिवंत आहे. तुला हे माहीत आहे, पण परवापासून हे वाक्य मला इतक्या लोकांना सांगावं लागलंय की आता कुणीही समोर आलं की तोंडातून आधी तेच बाहेर पडतं. आज सकाळी केंद्रावर दूध घालायला आलेल्या एका म्हातारीलाही मी तेच म्हणालो. तिला जालिंदर कोण हेही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "बरं झालं बाबा," आणि फॅट किती लागली ते विचारलं.

तुझा फोन बंद आहे. भोंगा बँडच्या चाहत्यांचा फेसबुकवरचा ग्रुप तूच काढलेला, त्यातूनही तू निघून गेलास. पतसंस्थेत रजेचा अर्ज टाकून तू हडपसरला मावसभावाच्या खोलीवर जाऊन बसलायस, एवढं तुझ्या शेजाऱ्याकडून कळलं. म्हणून हे पत्र. आमच्या दूध संघाचा टँकर रोज पुण्याला जातो आणि ड्रायव्हर धोंडीराम तुला चांगला ओळखतो. तेव्हा पत्ता चुकला, टपाल हरवलं असली कारणं सांगू नकोस.

अरे, तू हे केलंस काय?

आपलं भांडण होतं, मान्य. जालिंदर भोंगातून बाहेर पडला आणि एकट्याची गिटार वाजवायला लागला, तेव्हापासून आपण दोघं एकमेकांचे वैरी. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या वसाहतीत या पोरांनी सराव केला, कारखान्याचा भोंगा वाजायचा थांबला म्हणून बँडला तेच नाव दिलं, आणि पहिल्या कार्यक्रमापासून तू आणि मी एका मोटारसायकलवर त्यांच्या मागे जिल्हा पालथा घातला. जालिंदरचा हात गिटारवर पळायला लागला की तू रडायचास, मी शिट्ट्या मारायचो. पुढे तो सोलो झाला, त्याचं वाजवणं संथ झालं. तू म्हणालास, पोरगा संपला. मी म्हणालो, पोरगा आता कुठे सुरू झाला. यावरून दिवाळीपासून आपण बोललो नाही. ठीक आहे. पण भांडण ग्रुपमध्ये ठेवायचं असतं रे, चौकात नाही.

मांजरसुंब्याला, जिथे येणारीजाणारी प्रत्येक एसटी चहाला थांबते, बरोबर तिथे तू फ्लेक्स लावलास. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध जालिंदर, गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना तेवत्या समया. सगळ्यात खाली, मुंगीने वाचावी अशा अक्षरांत, 'भोंगा सोडून गेलेल्या गिटारला तमाम रसिकांकडून'. हा तुझा विनोद. एसटीच्या खिडकीतून मुंगीची अक्षरं कोण वाचतं?

आणि 'शोकाकुल' मंडळींत माझा फोटो. मी तुझ्याशी बोलत नसताना, मला न विचारता. मला कारण माहीत आहे. फ्लेक्सवरून कुणाचा फोटो वगळला तर तो माणूस मरेपर्यंत बोलत नाही, म्हणून ग्रुपच्या यादीत आहेत तेवढे सगळे टाकायचे, ही आपली रीत. पण फोटो तरी बरा शोधायचास. माझ्याच लग्नातला, गॉगल घातलेला टाकलास. पाटोद्याहून सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, दोस्त गेला अन् तुमी हसत कावून उभे हाव?" मी जागेवर बसलो. मला वाटलं खरंच गेला.

पण माझं सोड. मुक्ताबाईंचं ऐक.

जालिंदरची आई नेकनूरला भावाकडे गेली होती. परतताना तिची एसटी मांजरसुंब्याला थांबली. तिला वाचता येत नाही. तिने पोराचा फोटो पाहिला, हार पाहिला, समया पाहिल्या. कंडक्टर मला सांगत होता, बाई ओरडली नाही. खाली उतरली, रस्ता ओलांडला आणि फ्लेक्ससमोर मातीत बसली. कुणाचा तरी हात धरून तिने विचारलं, वर काय लिहिलंय. त्या शहाण्याने वाचून दाखवलं, "श्रद्धांजलीच हाय, मावशी." तिथून कुणी हलवलं तरी ती हलेना.

कंडक्टरने भल्या बुद्धीने इकडून तिकडून नंबर मिळवला आणि जालिंदरला फोन लावून तिच्या कानाला धरला. तो औरंगाबादहून ओरडतोय, "आये, मी बोलतोय, मी हाय." ती ऐकत राहिली आणि फोन परत देत म्हणाली, "मोबाईलात तर त्याचं समदंच हाय. मेल्यावरबी वाजंल त्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोर येऊन उभा राहीपर्यंत तिने पाणी घेतलं नाही. तू ये आणि तिच्या पाया पड. बाकीचं भांडण आपण नंतर करू.

गहिनीनाथ


आष्टी, ९ मार्च

उत्तऱ्या,

तू चहा पाजलास, पत्र घेतलंस आणि "बघतो" म्हणालास, असं धोंडीराम म्हणाला. काय बघतोस? मी बघून आलोय, तेच सांगतो.

मुक्ताबाई आणि जालिंदरचे वडील आश्रुबाकाका यंदाच्या दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत आहेत. सोसायटीने चालवलेली छावणी, आष्टीपासून लांब नाही. गावात प्यायला पाणी नाही तिथे बैलांना कुठून येणार, म्हणून अर्धं गाव तिकडेच मुक्कामाला. कुणी साडीचं छप्पर केलंय, कुणी जुन्या फ्लेक्सचं. वर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, खाली म्हैस रवंथ करतेय. आमच्या केंद्रावर दूध निम्म्यावर आलंय, आणि जे येतं त्यातलं बरंचसं या छावणीतलंच.

मी पोहोचलो तेव्हा मुक्ताबाईंच्या खोपीसमोर माणसं बसली होती. तीन गावांतून सोयरे आले होते, भाकरी-पिठलं बांधून, मयताच्या घरी नेतात तसं. त्यांना मांजरसुंब्याची बातमी कळली होती, पुढची कळली नव्हती. आणि त्यांना पाणी कोण देत होतं? जालिंदर. एका हातात तांब्या, दुसरा हात पँटच्या खिशात. एक म्हातारा पेला हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला रडूच फुटलं. रडावं की हसावं हे तिथे कुणालाच कळत नव्हतं. एक बाई म्हणाली, "जित्त्याला मेला म्हनलं की आविष्य वाढतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुक्ताबाईंनी नाही डोलावली.

मी जालिंदरला मिठी मारली. त्याने एकाच हाताने मारली. मोठा माणूस झालाय, मी मनात म्हटलं, खिशातून हात काढायचीही तसदी घेत नाही. राग आला नाही, पण लक्षात राहिलं.

खोपीत कोपऱ्यात तो फ्लेक्स आहे. मुक्ताबाईंनी पोरांना सांगून चौकातून उतरवून आणला, घडी घालून ठेवलाय आणि वर स्वतःचं अंथरूण टाकलंय. मी म्हटलं, "मावशी, हे घरात कशाला? द्या, मी टाकून येतो."

"कुटं टाकता?"

मी म्हटलं, जाळून टाकू.

"त्याच्या तोंडाला आग लावता व्हय? माझ्या म्होरं?"

ती बोलत राहिली, भाकरी थापता थापता. "पुरू म्हनलं तर मातीत पोराचंच तोंड जातंय. पान्यात सोडू तर नदीला पानी न्हाई. ह्या लोकांवानी छपरावर घालू, तर रोज मी त्या हाराखाली निजू का? चार दिस झाले, मला झोप न्हाई. तुमी शिकलेली मान्सं. तुमीच सांगा, ह्याचं काय करावं मानसानं."

उत्तऱ्या, हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, असं येताना मला वाटलं होतं. तिथे बसून एकदाही वाटलं नाही.

मग तिने तिचा निकाल सांगितला. "ज्यानं हार घातला त्यानंच येऊन काढावा. तवर ह्यानं गिटारला हात लावायचा न्हाई." आणि तिने तिथल्या तिथे जालिंदरचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. शपथ घातली. आईच्या डोक्यावर हात ठेवल्यावर कोण नाही म्हणणार?

आता कान उघडे ठेवून ऐक. पाडव्याला पुण्यात त्याचा कार्यक्रम आहे. पहिल्यांदाच लोकांसमोर एकटा बसून वाजवणार आहे. आजवर फक्त रेकॉर्डिंगच टाकत होता, त्यातही स्वतः कधी दिसत नव्हता, नुसतं शेताचं चित्र. हॉल ठरलाय, तिकिटं गेलीत. आणि तुझा हार उतरल्याशिवाय तो गिटार उचलणार नाही. पाडवा चुकला तर पुन्हा उभा राहणार नाही, असं तो मला म्हणाला. गंमत करत नव्हता.

टँकर दुपारी परत येतो. मागच्या सीटवर जागा असते. ये.

गहिनीनाथ


आष्टी, १६ मार्च

उत्तऱ्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढीशी चिठ्ठी आणि त्यात दोन गोष्टी, आणि दोन्हींनी माझं डोकं फिरवलं.

पहिली म्हणजे, हार तू गिटारच्या गळ्यात घालायला सांगितला होतास, फ्लेक्सवाल्याने माणसाच्या घातला. मी विश्वास ठेवतो. त्याच्याकडे श्रद्धांजलीचा नमुना तयारच असतो, तोंड बदललं की काम झालं. रोजची सवय. पण लावताना तू खाली उभा होतास की नाही? तेव्हा डोळे कुठे गेले होते? करायला गेलास गणपती आणि झाला मारुती, आणि तो मारुतीही तू चौकात बसवून आलास.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. लिहितोस, "मावशींचं वाईट वाटतं, पण जे बोललो ते मागे घेणार नाही. त्याची गिटार गेली ती गेलीच. 'पाचट' पुन्हा ऐक." आणि पुढे, "तिकडे आलो तर लोक मला तुडवतील."

तुडवतीलच. मी आडवा पडेन, पण सगळ्यांना आवरता येईल असं वचन देत नाही.

'पाचट' ही त्याची धून मी पुन्हा ऐकली. एकदा नाही, आठवडाभर, फॅट काढता काढता. तुझं म्हणणं मला पाठ आहे, ग्रुपमध्ये तू ते इतक्यांदा लिहिलंस. हा वरच्या सुराकडे निघतो आणि दारातून माघारी येतो. जिथे सूर ओढून धरायचा तिथे गप्प बसतो. भोंगात असताना हा एका दमात डोंगर चढायचा, आता पायऱ्या मोजतो. लंगडल्यासारखं वाजवतो. हे तुझे शब्द. आणि भोंगात गाणाऱ्या बद्रीनाथचा आवाज सोबत नसला की याच्यात काही नाही, हेही तुझंच.

अरे, गाढवाला गुळाची चव काय? वेग म्हणजे संगीत का? वेग तर मोटारसायकलला पण असतो. तो दारातून माघारी येतो ते त्याला आत जाता येत नाही म्हणून नाही, जायचं नाही म्हणून. त्याला संयम म्हणतात. शेतातून ऊस गेल्यावर नुसतं पाचट उरतं, वाऱ्याने वाजतं, ते ऐकलंयस कधी? तेच त्याने वाजवलंय. तो गप्प बसतो तिथेच तर खरी मजा आहे. मी ग्रुपवर यावर पानभर लिहिलं होतं. तुझ्याशिवाय सगळ्यांना आवडलं होतं. जालिंदरला मी स्वतः पाठवलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही, पण मोठे लोक देत नसतात.

चेहरा दाखवत नाही, हात दाखवत नाही, नुसतं ऐकवतो, यातही तुला नाटक दिसतं. मला साधेपणा दिसतो. भोंगाच्या वेळी स्टेजवर उड्या मारायचा तोच पोरगा हा.

तर हे आपलं भांडण आहे आणि ते असू दे. तू तुझं मत गिळ असं मी म्हणत नाही. मत ठेव आणि हार काढ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्ताबाईंना तुझ्या मताशी काही देणंघेणं नाही. तिला रात्री त्या घडीवर निजायचं नाहीये.

गहिनीनाथ


आष्टी, २४ मार्च

काल चिठ्ठी नाही, निरोप नाही. तू खोलीवर नव्हतास, असं धोंडीराम म्हणाला. मावसभाऊ म्हणाला, आहे, पण भेटणार नाही.

छावणीत आता कुणी मयताला येत नाही. आता बघायला येतात. मांजरसुंब्याचा मेलेला पोरगा कसा दिसतो ते बघतात आणि चाऱ्याला आलेल्या उसाचं एखादं कांडं मोडून खात परत जातात. जालिंदर बैलांना पाणी पाजतो, शेण काढतो. आश्रुबाकाका पाठ धरून बसून असतात. गिटार औरंगाबादला खोलीवर कुलपात. पुण्याच्या आयोजकाचे त्याला फोन येतात आणि तो उचलत नाही, तुझ्यासारखाच.

दुसरं काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं उरलं नाही.

ग.


आष्टी, २ एप्रिल

उत्तऱ्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

काल मी छावणीत गेलो होतो. तू येत नाहीस हे पक्कं झालं, म्हणून ठरवलं की मुक्ताबाईंनाच शपथ सोडायला लावायची. आमची ही म्हणाली होती, आईचं मन आहे, गोड बोललं की वितळेल. मी साखर घेऊन गेलो. चहा झाला. जालिंदर बाजूला बाजेवर बसला होता, आश्रुबाकाका पाठ भिंतीला, म्हणजे भिंत नाही, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून.

मी सुरू झालो. "मावशी, तुमच्या पोराने काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. लोक शंभर सूर लावून जे सांगू शकत नाहीत ते हा दोन सुरांत सांगतो. आधी पळायचा, आता थांबायला शिकलाय. ही सिद्धी आहे, मावशी. ही अशी बंद करू नका." मी रंगात आलो होतो. तुला माहीत आहे मी कसा रंगात येतो. 'पाचट'मध्ये तो वरच्या सुरापाशी जाऊन मागे फिरतो ती जागा मी हाताने हवेत करून दाखवली.

"बस कर बे, गहिन्या," जालिंदर म्हणाला.

मला वाटलं लाजला. मी आणखी बोललो. तेव्हा त्याने खिशातून डावा हात काढला आणि माझ्यापुढे धरला.

मधली दोन बोटं नाहीत, उत्तऱ्या. म्हणजे आहेत, अर्धी. पेरापाशी संपतात. टोकं गुळगुळीत आणि लाल. माझ्या हातातली बशी खाली पडली, चहा बाजेवर सांडला आणि मी तो पुसत बसलो, कारण वर बघण्याची हिंमत नव्हती.

मग त्याने सांगितलं. भोंगाचा शेवटचा कार्यक्रम झाला त्या साली ऊसतोडीच्या वेळी काकांच्या मणक्याने दगा दिला. नवरा-बायकोची जोडी धरून ऊसतोडीला नेतात, एकटी बाई कोण नेणार? म्हणून हा आईबरोबर बापाच्या जागी गेला, पार सांगलीकडे, हंगामभर. कुणाला सांगितलं नाही. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने बुडख्यावर कोयता घालायचा. लहानपणी पाहिलं होतं, पण हात त्या कामाचा नव्हता. पहिल्याच पंधरवड्यात घाव चुकला.

"मंग आल्यावर बद्रीला म्हनलं, मला एकट्याला वाजवायचंय. त्याला खरं ठावं हाय. शपत घातलती."

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं. तो काकांकडे न बघता म्हणाला, "लोकं म्हनले असते, बापापायी पोराचा हात गेला. आबा आधीच जेवत न्हवते."

काका पेंढ्यांकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ हलत होती.

अंथरुणाखालची घडी मुक्ताबाईंनी ओढून काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "त्याची दोन पेरं मी माझ्या हातानं पुरलीत," ती म्हणाली. "परमुलखात, उसाच्या बांधाला, लुगड्याचा तुकडा फाडून त्यात गुंडाळून. घरी आले तर मला वाटायचं, माझं लेकरू थोडं तिकडंच ऱ्हायलं. आन् तुमी म्हंता हे बी पुर. हे बी जाळ. कितीदा?"

महिनाभर मला वाटत होतं की अडाणी बाई फोटोला घाबरलीय.

थोड्या वेळाने मी जालिंदरला म्हणालो, मला माफ कर, मी तुझ्या दुखण्याचं कौतुक करत राहिलो. त्यावर तो जे म्हणाला ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझं आहे.

"तू चांगलं म्हनायचा तवा मला लई एकटं वाटायचं, गहिन्या. तुजं ते पानभर वाचलं अन् वाटलं, ह्यांना काहीच ऐकू येत न्हाई. मी तिथं पडतोय, अन् हे टाळ्या वाजवायलेत. मंग उत्तऱ्यानं लिव्हलं, हा दारातून माघारी येतो, लंगडतो. मी ते वाचत बसलतो. राग न्हाई आला. म्हनलं, हाय एक जन."

मी तिथून उठून जनावरांच्या रांगेत गेलो आणि कुणाच्या तरी गाईपाशी उभा राहून रडलो. तुझा राग आला, त्याचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा. इतकी वर्षं आपण दोघांनी त्याच्या मागे मोटारसायकल पळवली. मी त्याच्यावर प्रेम केलं, यात खोट नाही. पण ऐकलं तू. शिव्या देत ऐकलंस, चुकीचं कारण लावलंस, चौकात तमाशा केलास, पण ऐकलंस. मला हे कसं गिळायचं ते समजत नाही. अजून समजलेलं नाही.

आता पुढचं. जालिंदर आईला म्हणाला, "त्यो येत न्हाई तर मी त्याच्याकडं जातो." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "जा. पर हार त्यानंच काढायचा. तू हात लावायचा न्हाई."

तो उद्याच्या टँकरने निघतोय, धोंडीरामशेजारी बसून. फ्लेक्स त्याच्यासोबत आहे. छापलेला हार फोटोच्या गळ्यातून कसा काढतात ते मला माहीत नाही, मुक्ताबाईंनाही नाही. कात्री घे, रंग घे, काय करायचं ते कर, पण त्याच्या तोंडाला धक्का लावू नकोस. आणि ते झाल्यावर तो भाग फेकू नकोस, तो त्याच्या हाती परत दे. आईला दाखवायचाय.

दार उघड. या खेपेला मावसभावाला पुढे करू नकोस.

पुण्यात त्याला कुणाची तरी गिटार मिळवून दे. शपथ सुटली की तो तिथेच बसून वाजवणार आहे, पाडव्याच्या आधी, पहिल्यांदा माणसासमोर, तो हात बाहेर काढून. तुझ्यासमोर. मी विचारलं, मी पण येऊ का? तो म्हणाला, "तू पाडव्याला ये."

बरोबरच आहे त्याचं. मी आलो असतो तर सुरू व्हायच्या आधीच वाहवा केली असती.

तू करू नकोस. त्याच्या हाताकडे बघून तर मुळीच करू नकोस. जिथे तो पडेल तिथे पडला म्हण. जे ऐकू येईल तेच त्याला सांग.

गहिनीनाथ